'सिनिऑरिटी' हा शब्द रोजच्या इंग्रजी वाक्यांत कसा वापरतात?

तुम्ही विचारलंय की बढतीच्या अर्जात 'माय सिनिऑरिटी इज मोर दॅन हिम' असं लिहिलं, ते चुकलं म्हणून कोणीतरी सांगितलं, पण बरोबर काय ते सांगितलंच नाही. तर आधी तेच सांगतो. 'आय अ‍ॅम सिनियर टू हिम' किंवा 'आय हॅव सिनिऑरिटी ओव्हर हिम'. पहिलं वाक्य बोलताना सोपं, दुसरं अर्जात शोभतं.

मी दर्यापूर तालुक्यात शाळेत इंग्रजी शिकवतो. ही चूक मुलांपेक्षा नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांच्या अर्जांत जास्त दिसते, आणि ती होते त्याला कारण आहे. आपण स्टाफरूममध्ये दिवसभर म्हणतो, "ते सर माह्यापेक्षा सिनियर हायेत." या 'पेक्षा'चंच इंग्रजी 'दॅन' होऊन बसतं. पण 'सिनियर' हा शब्द लॅटिनमधून आला आणि तुलना त्याच्या पोटातच आहे. ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर ही त्याचीच भावंडं. या सगळ्यांना 'टू' लागतो, 'दॅन' नाही. 'मोर सिनियर टू' असंही म्हणू नका. 'मोर सिनियर' म्हणायचंच असेल तर मात्र 'दॅन' चालतो, जसं 'अ मोर सिनियर ऑफिसर दॅन हिम'. नवीन माणसानं त्या वाटेला न गेलेलं बरं.

आता 'सिनिऑरिटी'. हे नाम आहे, आणि नोकरीच्या अर्थानं ते सहसा मोजता येत नाही. म्हणून 'अ सिनिऑरिटी' किंवा 'टू सिनिऑरिटीज' असं लिहायचं नाही. वर्षं सांगायची असतील तर 'शी हॅज ट्वेल्व्ह इयर्स ऑफ सिनिऑरिटी'. हा शब्द एकटा पाठ केला की फसतो, सोबत्यांसह पाठ केला की आयुष्यभर राहतो. क्रम सांगताना 'इन ऑर्डर ऑफ सिनिऑरिटी': 'द नेम्स आर रिटन इन ऑर्डर ऑफ सिनिऑरिटी'. आधार सांगताना 'ऑन द बेसिस ऑफ सिनिऑरिटी' किंवा नुसतं 'बाय सिनिऑरिटी': 'ही वॉज प्रमोटेड ऑन द बेसिस ऑफ सिनिऑरिटी'. कोणाच्या तरी पुढे असणं सांगताना 'ओव्हर'. यादीला 'सिनिऑरिटी लिस्ट', तीच आपल्याकडची सेवाज्येष्ठता यादी.

वय आणि सिनिऑरिटी यांत गल्लत करू नका. सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांचा नंबर जसा कोण आधी आलं यावर लागायचा, तशी ही नोकरीतली रांग आहे. पन्नाशीचा माणूस परवा रुजू झाला असेल तर तिशीतली बाई त्याला सिनियर असू शकते: 'शी इज यंगर, बट शी हॅज सिनिऑरिटी ओव्हर हिम'. हे वाक्य मी वर्गात आवर्जून घेतो, कारण त्यात अख्खा अर्थ उलगडतो. वय कधी मध्ये येतच नाही असंही नाही. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलीत अनुसूची 'फ' आहे. तिच्यानुसार ज्येष्ठता यादीच्या एकाच गटात दोन शिक्षकांची सलग नेमणुकीची तारीख एकच असेल, तर वयानं मोठा तो ज्येष्ठ. तिथं वाक्य होतं: 'देअर डेट ऑफ अपॉइंटमेंट वॉज द सेम, सो सिनिऑरिटी वॉज डिसायडेड बाय एज'.

एकाच तारखेचं मोठं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. आमच्या तालुक्यातलं दारापूर हे न्यायमूर्ती भूषण गवई यांचं मूळ गाव. ते आणि न्यायमूर्ती सूर्य कांत, दोघंही २४ मे २०१९ ला सुप्रीम कोर्टात आले. शपथेच्या क्रमात गवई आधी होते, म्हणून १४ मे २०२५ ला सरन्यायाधीश ते झाले आणि सूर्य कांत यांची पाळी त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला आली. इंग्रजीत: 'जस्टिस गवई वॉज सिनियर टू जस्टिस सूर्य कांत, दो दे जॉइन्ड द कोर्ट ऑन द सेम डे'. आणि ही रांग मोडली तर क्रियापद येतं 'सुपरसीड'. १९७३ मध्ये शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन न्यायमूर्तींना डावलून ए. एन. राय यांना सरन्यायाधीश केलं, तेव्हा 'थ्री सिनियर जजेस वेअर सुपरसीडेड'. तिघांनीही राजीनामे दिले. सिनिऑरिटी माणसाला किती लागते, ते यावरून समजा.

आमच्याकडे हा शब्द सगळ्यात दुखरा होतो तो आंतरजिल्हा बदलीत. जिल्हा परिषदेचा शिक्षक आपल्या जिल्ह्यात परत येतो, म्हाताऱ्या आईबापाजवळ येतो, पण नव्या यादीत त्याचं नाव सगळ्यात खाली लागतं. दुर्गम भागात घालवलेली वर्षं त्या यादीपुरती पुसली जातात. "सिनिऑरिटी गेली," एवढंच तो म्हणतो. इंग्रजीत 'ही लॉस्ट हिज सिनिऑरिटी'. समजून-उमजून सोडली असेल तर 'ही गेव्ह अप हिज सिनिऑरिटी टू बी निअर हिज पेरेंट्स'. 'लॉस्ट' आणि 'गेव्ह अप' यांतला फरक अर्ज लिहिताना सांभाळा, त्यात त्या माणसाची मर्जी सांगितलेली असते.

बढतीच्या कागदांत 'सिनिऑरिटी-कम-मेरिट' दिसेल. इथला 'कम' म्हणजे हिंदीतला थोडा नव्हे. आपल्या भागात हिंदी कानावर फार, त्यामुळं कित्येक जण 'मेरिट कमी चालेल' असा अर्थ लावतात. तो लॅटिन शब्द आहे, अर्थ 'सोबत'. सुप्रीम कोर्टानं १९९८ मध्ये सिवय्या प्रकरणात सांगितलं की कामाला आवश्यक तेवढी किमान गुणवत्ता ज्यांच्यात आहे, त्यांच्यातून आधी ज्येष्ठाला घ्यायचं, मग कनिष्ठ जास्त हुशार असला तरी. 'मेरिट-कम-सिनिऑरिटी' असेल तर उलट, आधी गुणवत्ता, आणि ती साधारण सारखी असली तरच ज्येष्ठता. तुमच्या जागेला यातलं कोणतं लागू आहे ते आधी पाहा, कारण दुसरं असेल तर नुसत्या सिनिऑरिटीवर अर्ज टिकणार नाही.

पहिलं लागू असेल तर अर्जात एवढं लिहा: 'आय जॉइन्ड सर्व्हिस बिफोर हिम, अँड माय नेम इज अबव्ह हिज इन द सिनिऑरिटी लिस्ट. आय रिक्वेस्ट दॅट माय सिनिऑरिटी बी कन्सिडर्ड फॉर द प्रमोशन.' पुढं रुजू झाल्याची तारीख टाका आणि यादीची प्रत जोडा.