मेल्यावर सामान जाणारच असेल, तर खेळायचं कशाला?

प्रश्न : मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘अल्बियन ऑनलाइन’ हा इंटरनेटवरचा गेम खेळतो. त्यातल्या मार्टलॉक शहरात स्वस्तात चामडं घेऊन बैलावर लादलं आणि विकायला कार्लिऑनला निघालो. वाटेत रेड झोनमध्ये, म्हणजे मेल्यावर सामान लुटलं जातं अशा भागात, तिघांनी घेरून मारलं. चामडं, बैल, अंगावरचं गिअर (शस्त्रं-चिलखत), सगळं गेलं. महिनाभराची कमाई होती. मित्र म्हणतात, दुसरा गेम धर, तिथे मेलास तरी काही जात नाही. सोडून देऊ का?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : तुझी चिडचिड अगदी रास्त आहे. महिनाभराची मेहनत डोळ्यांदेखत कुणी उचलून नेली की जेवणसुद्धा गोड लागत नाही. पण सोडायचं की नाही हे ठरवण्याआधी एक गोष्ट नीट बघ. तुझं चामडं कार्लिऑनला विकत कोण घेणार होतं?

जॅकेट शिवणारा एखादा खेळाडू. त्याला जॅकेट शिवायचं होतं, कारण कुणाचं तरी जॅकेट काल रेड नाहीतर त्याहून धोक्याच्या ब्लॅक झोनमध्ये गेलं. या खेळात तलवार, चिलखत, जोडे, पिशवी, जवळजवळ सगळं खेळाडूच बनवतात. कुठलीही वस्तू उघडून बघ, बनवणाऱ्याचं नाव तिच्यावर असतं. राक्षसाला मारल्यावर त्याच्याकडून मिळणारं गिअरसुद्धा बऱ्याचदा कुणीतरी बनवून कार्लिऑनच्या ब्लॅक मार्केटला विकलेलंच असतं. तिथला व्यापारी खेळाडूंकडून माल घेतो आणि तो पुढे राक्षसांच्या हाती जातो. शिवाय मेल्यावर सामानातला काही भाग मारणाऱ्यालाही मिळत नाही, तो कायमचा नष्ट होतो. म्हणून नवं गिअर सतत लागतं. जिथे काहीच हरवत नाही, तिथे लोहाराकडे गिऱ्हाईक एकदा येतं आणि पुन्हा फिरकत नाही. ज्या नियमाने तुझा बैल गेला, त्याच नियमावर तुझ्या चामड्याचा भाव उभा आहे. मला हा खेळ आवडतो तो यासाठीच. मी लिमहर्स्टला कापड विणते, आणि माझ्या कापडाचे झगे घालून माणसं जीव मुठीत धरून रानात उतरतात, याचं मला खरंच अप्रूप आहे.

आता कामाचं. मार्टलॉकला चामडं स्वस्त मिळतं, कारण कातडं कमावताना तिथे उतारा जास्त पडतो. तसंच थेटफर्डला धातूचं, फोर्ट स्टर्लिंगला लाकडाचं, ब्रिजवॉचला दगडाचं आणि लिमहर्स्टला कापडाचं. प्रत्येक शहराचा बाजार वेगळा, तिजोरी वेगळी, माल कुणीतरी अंगावर जोखीम घेऊन वाहून न्यावा लागतो. भावातला फरक म्हणजे त्या जोखमीचीच मजुरी. कार्लिऑन नकाशाच्या मधोमध आहे आणि भोवती रेड झोन, त्यामुळे ती मजुरी तिथे सगळ्यात जास्त. लुटारूही तिथेच दबा धरून बसतात.

म्हणून सगळी पुंजी एका बैलावर लादायची नाही. गेली तर पुन्हा उभी करता येईल एवढाच माल एका खेपेला. अंगावर चौथ्या टिअरचं (दर्जाच्या पायरीचं) साधं गिअर ठेव, आठव्या टिअरचा डौल वाहतुकीत काही कामाचा नाही. असॅसिन जॅकेट मात्र घाल, ते काही क्षण दिसेनासं करतं आणि तेवढ्यात जीव वाचू शकतो. बैल दमदार ओझं उचलतो, पण घोड्यासारखा पळत नाही, हेही हिशेबात धर. नव्या भागात शिरल्यावर थोडा वेळ अंगाभोवती संरक्षण असतं. तेवढ्यात पडद्यावर कोण उभं आहे ते बघ, आणि त्या भागात किती मारेकरी मोकळे आहेत तो आकडा वाच. आकडा मोठा दिसला तर सरळ मागे फिर.

आणि मनाला अजूनही घोर लागत असेल, तर काही दिवस कमी धोक्याच्या निळ्या-पिवळ्या झोनमध्येच राहा. पिवळ्यात कुणी तुला पाडलं तरी सामान तुझ्यापाशीच राहतं. तिथे राहूनही चांगला कारागीर होता येतं, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे, ‘अल्बियन’ खेळतो. ‘मी गेममध्ये धंदा करतो’ म्हणतो. एका गावात माल घेतो, दुसरीकडे विकतो, वहीत भाव लिहून ठेवतो. हा जुगार तर नव्हे? फार काळजी वाटते.
– एक आई, नांदेड

उत्तर : ताई, ती वही एकदा त्याच्या शेजारी बसून बघा. बाजारात माल मांडायला अडीच टक्के फी, आणि विकला गेला की कर : प्रीमियम (खेळाचं सवलतींचं सदस्यत्व) असेल तर ४ टक्के, नसेल तर ८. हे वजा करून त्याने नफा काढलाय का, एवढंच विचारा. काढला असेल तर त्याचं डोकं ठिकाणावर आहे.

पत्ते पिसून नशिबावर पैसे लावणं इथे नाही. पण खेळातल्या चांदीचे, म्हणजे तिथल्या चलनाचे, रुपये करण्याचा सरळ मार्गही नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. कुणी बाहेर पैसे घेऊन चांदी विकतो किंवा विकत घेतो म्हणाला, तर तो खेळाच्या नियमांचा भंग आहे आणि खातं बंद होऊ शकतं. तिथे वय कोवळं आहे म्हणून कुणी सोडत नाही. प्रीमियमसाठी तो तुमच्याकडे पैसे मागत असेल, तर त्याला म्हणा, चांदी देऊन सोनं घे आणि सोन्यावर प्रीमियम घे. खेळाडूंमध्येच सोन्या-चांदीची अदलाबदल होते, भाव रोज हलतो. व्यापारी म्हणवतो ना, मग स्वतःचं प्रीमियम स्वतःच्या नफ्यातून काढू दे.

झोपेची वेळ मात्र तुम्ही ठरवायची. त्यात घासाघीस नको.

प्रश्न : माझ्याकडे फक्त फोन आहे. ‘अल्बियन’ खेळता येईल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : येईल. बर्लिनच्या सँडबॉक्स इंटरॅक्टिव्हने हा खेळ २०१७ च्या जुलैत आणला, २०१९ पासून तो फुकट आहे आणि ९ जून २०२१ पासून फोनवरही. कॉम्प्युटरवाल्यांचं जग आणि तुमचं जग एकच. सर्व्हर निवडताना आशियाचा घ्या, २०२३ मध्ये तो सुरू झाल्यापासून आपल्याकडे खेळ कमी अडखळतो. आधी नीट ठरवा, कारण एका सर्व्हरवरचं पात्र दुसरीकडे नेता येत नाही. लाकूड तोडणं, शेती, बाजारभाव बघणं फोनवर छान होतं. मारामारीला लहान पडद्यावर बोटंच आड येतात, तेव्हा रेड झोनची घाई करू नका.