सर्पगंधा लावताय? हे आधी वाचा

सर्पगंधा ही औषधी वनस्पती लावताय, मस्तच! रोप मात्र रोपवाटिकेतूनच घ्या. मुळांसाठी ओरबाडून जंगलातली झाडं आधीच विरळ झालीत.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:
- सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली.
- भुसभुशीत माती, थोडं शेणखत, कुंडीचं भोक मोकळं. नवशिक्यांची बहुतेक रोपं जास्त पाण्यानेच जातात, मूळ कुजतं.
- थंडीत पानं गळाली तर घाबरून पाणी वाढवू नका. खोड नखाने हलकं खरवडा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे.

बी ताजंच पेरा, गर धुऊन. निम्मं उगवलं तरी खूप झालं. छाट कलमांचं पुढच्या वर्षी बघू.

आणि हो, बीपीसाठी मूळ चघळायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. त्यात रिसर्पिन असतं, म्हणजे रक्तदाब खाली आणणारं तीव्र औषधी रसायन; असं मनाने घेणं धोक्याचं.