मीटर मागे केलेली गाडी आणि आपली सही

प्रश्न : नमस्कार ताई, मार्चमध्ये पुण्यातल्या एका डीलरकडून सेकंड हँड गाडी घेतली, 2017 चं मॉडेल, 4 लाख 35 हजारांना. मीटरवर 42 हजार होते आणि त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर "सिंगल ओनर, ओरिजिनल किलोमीटर" असं लिहून पण पाठवलं होतं. पहिल्या सर्व्हिसिंगला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली तर तिथल्या कॉम्प्युटरवर 2022 मध्येच 91 हजार दाखवतंय! डीलर म्हणतो डिलिव्हरीच्या वेळी "गाडी जशी आहे तशी पाहून घेतली" या कागदावर तुमची सही आहे, आता काही होत नाही, फार तर 15 हजार देतो, पण त्यासाठी अजून एका कागदावर सही हवी. दोन महिने झाले आरसी पण नावावर नाही. वडिलांच्या पीएफचे पैसे आहेत हो ताई, घरात कोणी धड बोलत नाहीये.
(एक वाचक, सातारा)

उत्तर : पहिलं म्हणजे ते 15 हजार घेऊ नका आणि तो कागद तर अजिबात नको, त्यात बहुतेक "माझी काही तक्रार उरलेली नाही" असंच लिहिलेलं असणार, आणि तेच त्याला हवंय.

त्या जुन्या सहीने एवढं घाबरून जाऊ नका. "जशी आहे तशी" म्हणजे क्लच घासलाय, टायर संपत आलेत, हे तुम्ही बघून घेतलं. 91 हजारांच्या पुढे गेलेली गाडी 42 हजारांची म्हणून लिहून देणं ही फसवणूक झाली, आणि 1872 च्या करार कायद्यातच आहे की फसवून मिळवलेली संमती ज्याची फसवणूक झाली तो रद्द करू शकतो. ग्राहक कायद्यात मालाबद्दल खोटी माहिती देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून त्याचा तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज म्हणजे तुमच्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा, चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका, त्याची जाहिरात अजून ऑनलाइन असेल तर आजच स्क्रीनशॉट काढा.

मग वर्कशॉपकडून सर्व्हिस हिस्टरीची शिक्का मारलेली प्रिंट घ्या. ते जुन्या मालकाचं नाव देणार नाहीत, नको देऊ देत, तारखा आणि किलोमीटर पुरे. ब्रेकच्या पेडलचं रबर बघा, गाडी खूप पळली की ते झिजतं, माझ्या भावाच्या गाडीत ते मधोमध गुळगुळीत झालं होतं आणि स्टिअरिंगवर मात्र कोरं करकरीत कव्हर, तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नाही. असं काही दिसलं तर फोटो काढून ठेवा.

आता भांडण फोनवर नको, लेखी. डीलरला स्पीड पोस्टने नोटीस द्या, 15 दिवसांची मुदत, गाडी परत घेऊन पूर्ण पैसे द्या किंवा खऱ्या किलोमीटरच्या हिशोबाने फरक द्या. सोबत 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, कधी कधी तेवढ्याने पण डीलर नरमतो. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि त्यासाठी पुण्याला खेटे घालायची गरज नाही, 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे म्हणजे साताऱ्यातच तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. वकील असलाच पाहिजे असंही नाही.

आरसीचं मात्र लांबवू नका. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून बघा, गाडीवर बँकेचा बोजा अजून दिसतोय का, विमा चालू आहे का. मालकी बदलल्याचा अर्ज, तो फॉर्म 30, 30 दिवसांत द्यायचा असतो, तुमचे दिवस उलटून गेलेत. आणि विमा जुन्या नावावर असताना उद्या गाडी ठोकली तर आपल्या नुकसानीचा क्लेम अडकतो, म्हणून तोवर कृपा करून गाडी फार बाहेर काढू नका.

वडिलांना हे सगळं दाखवा. चूक तुमची नाही, लेखी खोटं त्याने दिलंय.

प्रश्न : मी जुनी गाडी डीलरला विकली, मालकी बदलाच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या करून दिल्या. पाच महिने झाले, अजून चलन माझ्याच मोबाइलवर येतंय.
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : चलनाचं सोडा ताई, अपघात झाला तर? नोंद ज्याच्या नावावर, भरपाई त्याच्यावर येऊ शकते असं सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये सांगितलंय. पुष्कळ डीलर पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत सही केलेले फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवून देतात, ट्रान्सफरचा खर्च एकदाच व्हावा म्हणून, आणि इकडे जीव तुमचा टांगणीला. 1 एप्रिल 2023 पासून डीलरला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं आणि गाडी ताब्यात दिल्याची ऑनलाइन नोंद फॉर्म 29 सी ने होते, ती झाली की जबाबदारी डीलरवर जाते. तुमची झालीच नसणार. गाडी दिल्याची पावती आणि बँकेत पैसे आल्याची नोंद घेऊन आरटीओत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि त्याची एक कॉपी डीलरला पाठवा.