गेम, प्लाझ्मा आणि पडद्यावर बसणारी छाप

प्रश्न : निपाणीचे आमचे मेहुणे त्यांचा ४२ इंची प्लाझ्मा टीव्ही अल्प किमतीत द्यायला तयार आहेत. धाकटा मुलगा त्यावर रोज दोन-तीन तास फुटबॉलचा गेम खेळेल. गेममधला स्कोअर पडद्यावर कायमचा उमटतो, असे ऐकले आहे. प्लाझ्मा घ्यावा, की बेळगावच्या खडेबाजारातून नवा एलसीडी आणावा?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. प्लाझ्माच्या पडद्यात वायू भरलेले असंख्य सूक्ष्म कप्पे असतात. विजेमुळे त्या वायूतून अतिनील किरण निघतात आणि कप्प्यातला फॉस्फरचा लेप त्यांनी उजळतो. हा लेप वापराने झिजतो. स्कोअरची पट्टी तासन्‌तास एकाच जागी झळकत राहिली, तर तेवढाच भाग अधिक झिजतो आणि तिची छाप कायमची बसते. मात्र खेळ संपल्यावर दिसणारी पुसट सावली बहुतेक वेळा तात्पुरती असते आणि दुसरे हलते चित्र काही वेळ चालू ठेवले की जाते. कॉन्ट्रास्ट कमी ठेवला, ‘व्हिव्हिड’ मोड (भडक, झगझगीत चित्राची सेटिंग) टाळला आणि गेम थांबवलेल्या स्थितीत टीव्ही तसाच सोडला नाही, तर धोका पुष्कळ घटतो.

मला अधिक काळजी वाटते ती आधीच्या वापराची. आपल्या सीमाभागात घरोघरी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही वृत्तवाहिन्या दिवसभर चालू असतात. त्यांचे कोपऱ्यातले बोधचिन्ह आणि तळाची बातम्यांची पट्टी तासन्‌तास जागची हलत नाही. म्हणून निपाणीला जाताना राखाडी रंगाचा एकसंध फोटो पेनड्राइव्हवर न्यावा (यूएसबीची सोय नसल्यास कन्सोल जोडून दाखवावा), खोलीत अंधार करावा आणि चारही कोपरे व तळाचा भाग निरखून पाहावा. तेथे अक्षरांचा किंवा चौकटीचा आकार जाणवला, तर तो टीव्ही घेऊ नये, कारण झिजलेला लेप पूर्ववत होत नाही.

पडदा स्वच्छ निघाला तरी रोजच्या गेमसाठी मी एलसीडीच सुचवेन. वेगवान हालचाल आणि गडद काळा रंग जुना प्लाझ्मा आजही साध्या एलसीडीपेक्षा सरस दाखवतो, हे मान्य करायलाच हवे. परंतु पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस आणि सॅमसंग व एलजी यांनी २०१४ मध्ये प्लाझ्माचे उत्पादन थांबवले, त्यामुळे पॅनेल बिघडल्यास नवे मिळणे जवळपास अशक्य आहे. शिवाय त्याच आकाराच्या एलसीडीपेक्षा त्याला वीजही बरीच जास्त लागते. एलसीडीत चित्र मागच्या दिव्याच्या उजेडाने दिसते, झिजणारा फॉस्फरचा कप्पा तेथे नसतो. क्वचित सावली राहिलीच, तर ती सहसा काही वेळाने नाहीशी होते.

दुकानात ‘एलईडी’ म्हणून दाखवले जाणारे टीव्ही एलसीडीच असतात, ते निश्चिंतपणे घ्यावेत. ओएलईडी (ज्यात मागे दिवा नसतो, पडद्यावरचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) मात्र वेगळा. त्यातही स्थिर चित्राची छाप बसू शकते. खरेदीपूर्वी टीव्हीत ‘गेम मोड’ (खेळताना चित्राचा विलंब कमी करणारी सेटिंग) आहे का, हे विचारावे आणि शक्य असल्यास मुलाला सोबत नेऊन दुकानातच कन्सोल जोडून पाहावा, कारण बटण दाबणे आणि पडद्यावर खेळाडू हलणे यांतला विलंब खेळणाऱ्याच्या हातालाच नेमका कळतो.