वाचक विचारतात : देवाचं सोंग काढावं का?

या वेळी कोकणातून आलेली चार पत्रं एकाच प्रश्नाभोवती फिरतात. देवाचा वेष घ्यावा का, आणि देवाधर्मावरून हसावं का? पत्रं थोडक्यात देऊन उत्तरं देत आहोत.

शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिलीतल्या मुलाला गणपती व्हायचं आहे. एका पालकांचं म्हणणं, देवाचं सोंग काढून पोरखेळ करू नये. मनाई करावी का? मागच्या वर्षी कागदाच्या लगद्याच्या मुखवट्यात मूल घाबरून रडलं होतं.
— एक शिक्षिका, देवगड

मनाई करू नका. सिंधुदुर्गातलं दशावतार हे लोकनाट्य सुरू होतं तेच गणपतीच्या सोंगाने. माणूस मुखवटा चढवून येतो, सोबत ऋद्धी-सिद्धी असतात, भटजी पूजा करतो, आरती होते आणि समोर बसलेली म्हातारी माणसं हात जोडतात. आपल्याकडे ‘सोंग’ हा शब्दच हलका नाही.

तरी त्या पालकांची शंका उडवून लावू नका. दशावतारातला गणपती बोलत नाही, धावत नाही, टाळ्या मिळवण्यासाठी काही करत नाही. मुलालाही एवढंच द्या: संथ चालत येणं, पाटावर बसणं, हात आशीर्वादासाठी उचलणं, दुसऱ्या मुलाने श्लोक म्हणणं आणि निघणं. दोन मिनिटं पुरतात. त्याच गणपतीला सिनेमातल्या गाण्यावर नाचवलंत, तर पालकांची तक्रार खरी ठरेल.

आता मुखवटा. लगद्याचा मुखवटा आपल्या दमट हवेत नीट वाळत नाही. वरून कोरडा लागतो आणि आतून ओला राहतो. त्यात वजन, बंद नाक आणि श्वासाची साठलेली वाफ. सहा वर्षांचं मूल रडणारच. अर्धा मुखवटा करा, कपाळापासून नाकाच्या मध्यापर्यंत. तीन मिलिमीटर जाडीचं फोमशीट घ्या आणि डोळ्यांची भोकं नेहमीपेक्षा मोठी कापा. सोंडेसाठी जुन्या बनियनच्या कापडाची नळी शिवा, लांबी साधारण वीस सेंटिमीटर, आत सैल कापूस. ती नाकाच्या हाडावर टाका आणि नाकपुड्यांच्या पुढे दोन बोटं मोकळी जागा राहील इतकी पुढे काढा. तोंड उघडंच राहतं. कान मुखवट्याला जोडू नका, मुकुटाला जोडा. नाहीतर मान हलली की सगळा मुखवटा फिरतो आणि मुलाला दिसेनासं होतं. बांधायला इलॅस्टिकऐवजी रुंद सुती नाडी घ्या. पीतांबर शिवलेलाच हवा, कारण नेसवलेला पायात येतो.

चेहऱ्यावर पाण्यात विरघळणारा, त्वचेसाठी बनवलेला रंगच वापरा. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघा. कुणाच्या माळ्यावर जुन्या नाटकवाल्यांची हिंगुळाची पुडी असेल, तर ती मुलाच्या जवळही आणू नका. हिंगुळात पारा असतो.

आमचं मंडळ गणेशोत्सवात पाऊण तासाचा दशावतारी प्रयोग करतं. संकासुराच्या तोंडी रस्त्यावर, तलाठ्यावर आणि ब्रह्मदेवावर विनोद लिहिले आहेत. काही ज्येष्ठ म्हणतात, देवावर हसायचं नाही. किती मोकळीक घ्यावी?
— मंडळाचा कार्यकर्ता, कुडाळ

मुख्य आख्यानाआधीच्या भागात, म्हणजे आडदशावतारात, हसू भरपूर आहे. पण ते कुणाच्या वाट्याला दिलंय ते बघा. गणपती हसवत नाही, मोरावरून येणारी सरस्वती हसवत नाही, विष्णू तर नाहीच. हसवतो तो संकासुर. काळ्या वेषातला हा असुर ब्रह्मदेवाचे वेद पळवतो, भटजीची फिरकी घेतो, आणि बोलतो अस्सल मालवणीत. राजे आणि देव भारदस्त प्रमाण मराठीत बोलत असताना गावची बोली त्याच्या तोंडी येते, म्हणून तो लोकांना आपला वाटतो. त्याला काहीही बोलायची मुभा आहे. मग विष्णू येतो, युद्ध होतं, संकासुर मरतो आणि वेद परत मिळतात. देवाची टर उडवणारा असुर आहे आणि तो शेवटी हरतो, या चौकटीच्या जोरावर मधली टर गावाने पिढ्यान्पिढ्या पचवली. तुमचे विनोद संकासुराच्याच तोंडी आहेत, म्हणजे जागा बरोबर आहे. तेच वाक्य विष्णूच्या तोंडी घातलंत तर चौकट मोडते. मग ज्येष्ठांचं म्हणणं आम्हालाही मान्य.

एक नमुना बघा. संकासुर ब्रह्मदेवाला म्हणतो: “चार तोंडा असान चार येद सांभाळूक जमाक नाय? आमच्या तलाठ्याक एकच तोंड, पण सातबारो कधी हरवणा नाय. फक्त गावणा नाय!” यात ब्रह्मदेवाची चूक कथेतलीच आहे आणि खरा नेम तलाठ्यावर आहे. हसून झाल्यावर कुणाची भक्ती कमी होत नाही. पण विनोद देवाच्या बायकोवर, अंगावर किंवा भटजीच्या जातीवर गेला, की समोरच्या खुर्चीतला माणूस कथा विसरतो आणि स्वतःकडे बघायला लागतो. अशी वाक्यं वाचनातच काढून टाका.

बिघडतं ते बहुधा लिहिलेल्यात नाही, ऐनवेळच्या बोलण्यात. दशावताराला छापील संहिता नसते, नट जागेवर बोलतो, आणि हीच त्याची ताकद आहे. पण एका टोमण्याला हशा आला की नट तोच पुन्हा ताणतो. दुसऱ्या हशाला थोडा जोर लावतो, तिसऱ्याला तलाठ्याचं नाव घेतो आणि चौथ्याला त्याची जात. हशा वाढत असल्यामुळे घसरलो हे त्याला कळतही नाही. म्हणून संकासुराला बारा-पंधरा मिनिटंच द्या आणि पेटीवाल्याशी आधी खूण ठरवा. त्याने ठरलेला सूर धरला की संकासुराने बोलणं आवरायचं, नाचून पुढच्या प्रवेशाला वाट करून द्यायची. तालमीत ही खूण दोन-तीनदा मुद्दाम वापरून बघा. रंगात आलेल्या नटाला ती पहिल्यांदा ऐकूच येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला विनोदापेक्षा महत्त्वाची वाटते. मुकुट डोक्यावर असताना विडी नाही, तंबाखू नाही, मोबाइलवर फोटोंचा धुमाकूळ नाही. आधी मुकुट उतरवून स्वच्छ कापडावर ठेवायचा, मग चहा. संकासुराच्या दहा टोमण्यांनी न दुखावलेली आजी, मांडवामागे सिगरेट ओढणारा विष्णू पाहून दुखावते. आणि ते बरोबरच आहे.

नमन या आमच्या कोकणातल्या लोकनाट्यातल्या गवळणीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ कुणीतरी फिरवला. मावशी आणि पेंद्याचं चावट बोलणं, बाजूला कृष्ण उभा. बाहेरचे लोक भडकले. पुढच्या वर्षी गवळणच काढून टाकायची का?
— खेळ्यांपैकी एक, गुहागर तालुका

गवळण काढली तर नमनाचा कणाच मोडेल. गण झाला की गवळण, मग वग, हा क्रम लोकांच्या अंगवळणी पडलेला आहे. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण अडवतो, दान मागतो, मावशी घासाघीस करते, पेंद्या मध्ये लुडबुडतो, आणि शेवटी सगळ्या कृष्णाला शरण जातात. अर्ध्या मिनिटात घासाघीस दिसते, शरण जाणं दिसत नाही. बघणाऱ्याचा राग अपुऱ्या चित्रावरचा आहे.

पुढच्या वर्षी मंडळानेच एक कॅमेरा तिकाटण्यावर लावून पूर्ण गवळण टिपा आणि तीच आधी टाका. कुणी तुकडा फिरवला तर खाली पूर्ण गवळणीचा दुवा द्यायला हाताशी असतो. सुरुवातीला सूत्रधाराने दोन वाक्यांत प्रसंग सांगावा.

पण आरशातही बघा. होळीभोवतीची बोंब त्या रात्रीपुरती आणि त्या होमापुरती असते, ती कुणी घरी नेत नाही. हल्ली स्पर्धेच्या आणि मोठ्या माइकच्या नादात तीच भाषा गवळणीत शिरते. मावशीचा चटपटीतपणा राखा आणि शिमग्याची शिवी शिमग्यातच ठेवा.

वेषभूषा स्पर्धेत कुणी पाद्री, कुणी मौलवी, कुणी पैगंबर किंवा येशू होऊ म्हणतं. चालेल का? तक्रार झाली तर?
— स्पर्धेचे आयोजक, वेंगुर्ले

पैगंबरांचा वेष नको, गंभीरपणेही नको. मुसलमान समाजात त्यांचं रूप दाखवणंच बहुतेक सर्वत्र निषिद्ध मानलं जातं, त्यामुळे तिथे प्रश्न विनोदाचा उरतच नाही. येशूचं तसं नाही. ख्रिस्ती लोक स्वतःच त्याच्या जीवनावर नाट्य करतात. तरी आधी गावातल्या चर्चमध्ये विचारा. पाद्री आणि मौलवी ही तर शेजारची जिवंत माणसं. आदराने केलेलं सोंग चालेल. बोलण्याची लकब काढून हसवणार असाल तर नको. आपल्या भटजीची थट्टा आपण घरच्या हक्काने करतो, तो हक्क दुसऱ्याच्या घरात आपोआप मिळत नाही.

कायद्याचं म्हणाल तर 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 299 लागू आहे. पूर्वीचं 295-अ तेच. धर्मभावना दुखावण्याच्या जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेल्या कृत्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली रामजीलाल मोदी खटल्यात स्पष्ट केलं, की नकळत किंवा बेसावधपणे झालेला अपमान या कलमात येत नाही. पण हेतू काय होता हे ठरेपर्यंत पोलीस ठाण्याच्या खेपा होतातच. म्हणून प्रवेश-अर्जावर वेष आणि बोलायची वाक्यं आठवडाभर आधी लिहून घ्या, ती वाचायला दोन-तीन समाजांतली माणसं बसवा आणि तो कागद सांभाळून ठेवा. शंकेचा वेष असेल तर मुलाच्या पालकांना तेव्हाच दुसरा सुचवा. स्पर्धेच्या दिवशी, रंग लावून तयार झालेल्या मुलाला रांगेतून बाहेर काढू नका.