चर्चचा विमा काढताना नेमकं काय काय घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवापूर तालुक्यात तुमच्या मंडळीचं, म्हणजे गावच्या ख्रिस्ती सभासदांचं, मिशनच्या काळातलं चर्च आहे. दगडी भिंती, वर कौलं, पुढं नंतर वाढवलेला पत्र्याचा हॉल, मागं पाळकसाहेबांचं घर. कमिटीत विम्याचा विषय निघाला आणि ओळखीचा एजंट म्हणाला, बारा लाखांची फायर पॉलिसी घेऊन टाका, स्वस्तात पडेल. तेवढं पुरेल का, आणि कंपनी कोणती चांगली?

मी धुळ्यात जनरल इन्शुरन्सचंच काम करतो. जिनिंग, शाळा, मंगल कार्यालयं आणि मधूनमधून ट्रस्टच्या इमारती, असं सगळं हाताखालून जातं. तुमच्या वर्णनावरून तरी बारा लाख पुरणार नाहीत. आणि कंपनी कोणती, हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. सरकारी चार कंपन्यांपैकी कुठलीही घ्या किंवा खाजगी घ्या, आगीच्या मूळ पॉलिसीचा मजकूर जवळपास सारखाच असतो. भांडण होतं ते आपण फॉर्मात काय लिहिलं त्यावरून.

म्हणून आधी कागद काढा. जागा कुणाच्या नावावर आहे? आपल्याकडच्या जुन्या चर्चची जागा बहुतेक वेळा मूळ मिशनच्या किंवा त्याच्या वारस ट्रस्टच्या नावावर असते आणि गावची मंडळी फक्त वापरणारी असते. आदिवासी पाड्यांवर आणखी वेगळंच. तिथं प्रार्थनाघर एखाद्या सभासदाच्या शेतात उभं असतं, सातबारा त्याच्याच नावावर, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ मुळे ती आदिवासी जमीन सहजासहजी दुसऱ्याच्या नावावर होतही नाही. विमा त्यालाच काढता येतो ज्याचं त्या वास्तूत आर्थिक हित आहे. बांधकाम मंडळीनं केलं असेल तर मंडळीच्या ट्रस्टला विमा घेता येतो, पण जमीनमालकाचं संमतीपत्र आणि बांधकामाच्या खर्चाचे कागद फाइलला लावा. जागा मोठ्या ट्रस्टची असेल तर पॉलिसीवर दोघांची नावं घालून घ्या. धर्मादाय कार्यालयातलं परिशिष्ट-1, म्हणजे ट्रस्टच्या नोंदणीचा उतारा, काढून बघा. त्यावरचे विश्वस्त कधीच देवाघरी गेलेले असतात आणि चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा अर्ज, कुणी दाखलच केलेला नसतो. क्लेमचा पैसा पॉलिसीवर ज्याचं नाव त्याच्याच बँक खात्यात जातो. नाव जुळलं नाही की सहा-सहा महिने नुसता पत्रव्यवहार चालतो.

आता बारा लाखांचं बघू. धरून चालू की तुमचं चर्च आणि हॉल मिळून 1,800 चौरस फूट आहे आणि तसंच बांधकाम आज करायचं तर चौरस फुटाला 2,000 रुपये लागतात. म्हणजे 36 लाख. तुम्ही विमा काढला 12 लाखांचा. मे महिन्याच्या वावटळीत पत्रे उडाले, एक भिंत पडली, 6 लाखांचं नुकसान झालं. लोकांना वाटतं, विमा 12 लाखांचा, नुकसान 6 लाखांचं, म्हणजे पूर्ण मिळणार. तसं होत नाही. नुकसान मोजायला आलेला सर्व्हेअर म्हणतो, 36 पैकी 12 चा, म्हणजे एक तृतीयांश विमा तुम्ही घेतला, उरलेल्या दोन तृतीयांशाची जोखीम तुमचीच. हातात पडतात 2 लाख, त्यातूनही एक्सेस, म्हणजे दर क्लेमला आपण सोसायची ठरलेली रक्कम, वजा. एजंट हे सांगत नाही असं नाही, कमिटीलाच हप्ता कमी हवा असतो. खरं तर 36 लाखांच्या अशा इमारतीचा वर्षाचा हप्ता काही हजारांतच बसतो, वर 18 टक्के जीएसटी. नाताळच्या मांडवावर याहून जास्त खर्च होतो.

रक्कम ठरवताना जमिनीची किंमत धरायची नाही, फक्त बांधकाम. आणि पॉलिसी ‘पुनर्बांधणी मूल्या’वर, म्हणजे आज तसंच नवं बांधायच्या खर्चावर घ्या, घसारा वजा करणाऱ्या बाजारभावावर नको. ऐंशी वर्षांच्या इमारतीचा घसारा काढायला बसलं तर हातात काय उरणार? जुन्या चर्चमध्ये छताला सागवानी कैच्या असतात, त्यांचं काय, असं बरेच जण विचारतात. जळल्या तर आपण लोखंडी बसवू, म्हणून लोखंडाच्या भावानं किंमत लावतात. पण कंपनी मोजताना आहे त्याच दर्जाचं बांधकाम धरते, सागाला सागच. तेव्हा एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून मूल्यांकनाचा दाखला घ्या आणि तीनेक वर्षांनी तो बदलून घ्या. एका ठिकाणची सगळी मालमत्ता मिळून 5 कोटींच्या आत असेल तर 2021 पासून सहसा ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी मिळते. नावात उद्यम आहे म्हणून बिचकू नका. तिच्यात 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यामुळे अंदाज थोडा चुकला तरी निभावतं.

आगीच्या पॉलिसीत नुसती आग नसते. वीज पडणं, वादळ, पूर, दंगल, दगडफेक, तोडफोड हे सगळं त्यात येतं. पण काही कंपन्यांच्या पॉलिसीत वादळ-पुराचं कलम आणि दंगल-तोडफोडीचं कलम काढून हप्ता कमी करता येतो. कोटेशन स्वस्त दिसलं की आधी हेच तपासा. आपल्याकडं आगीपेक्षा वाऱ्या-पाण्याचंच भय जास्त. रावेर-यावलकडं केळी आडवी करणारा वारा चर्चचे पत्रे सोडत नाही. 2018 च्या ऑगस्टमध्ये रंगावली नदीच्या पुरानं नवापुरात काय केलं ते तुम्ही मला सांगाल. 31 ऑगस्ट 2021 ला तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं तेव्हा ज्यांच्या पॉलिसीत पुराचं कलम होतं ते आणि ज्यांच्या नव्हतं ते, यांच्यातला फरक बाजारपेठेत सगळ्यांनी बघितला. तोडफोडीच्या कलमाबद्दल कमिटीत कुणी उघड बोलत नाही, पण प्रार्थनास्थळाला ते असावंच. दहशतवादाचं संरक्षण त्यात आहे की वेगळं घ्यावं लागतं, हे लेखी विचारून घ्या.

कौलांतून वर्षानुवर्षं झिरपणारं पाणी मात्र यात येत नाही. ती देखभाल झाली. अॅम्प्लिफायरमध्ये शॉर्टसर्किट होऊन फक्त अॅम्प्लिफायरच जळला तर तोही नाही. त्याची आग पडद्याला लागून हॉल जळला तर हॉल आला.

फॉर्मात खरं काय ते लिहा. चर्च लिहिलं आणि मागं बालवाडी, वसतिगृह, गॅस सिलेंडरचं स्वयंपाकघर किंवा रस्त्याकडेला भाड्यानं दिलेलं दुकान असेल तर तेही लिहायचं. भिंती कुडाच्या असतील तर कुडाच्या लिहायच्या. कच्च्या बांधकामाला दर वेगळा पडतो, पण पक्कं लिहून घेतलेला विमा क्लेमच्या दिवशी कागदच ठरतो. सगळ्यात मोठी गोम कापसाची. दिवाळीनंतर कापूस घरात मावेना झाला की कुणीतरी सभासद पाळकसाहेबांना विचारून मागच्या खोलीत टाकतो, भाव वाढेपर्यंत. कंपनीच्या दृष्टीनं त्या दिवशी तुमचं चर्च कापसाचं गोदाम होतं आणि गोदामाचा दर तुम्ही भरलेला नसतो. शेजारधर्म म्हणून नाही म्हणता येत नसेल तर निदान त्या खोलीत नको, आवारात लांब ताडपत्रीखाली ठेवू द्या.

तशीच दुसरी गोष्ट. ऊसतोडीला माणसं गुजरातेत गेली की काही पाड्यांवरची प्रार्थनाघरं महिनोन्‌महिने बंद असतात. बऱ्याच पॉलिसींत इमारत 30 दिवसांपेक्षा जास्त रिकामी राहिली तर संरक्षण थांबतं असं कलम असतं. आधी कळवून तशी नोंद पॉलिसीवर करून घेतली तर अडचण येत नाही. तुमच्याकडं पाळकसाहेब आवारातच राहतात म्हणून तुम्हाला हा प्रश्न नाही, पण तुमच्या मंडळीची पाड्यांवर शाखा असेल तर लक्षात ठेवा.

इमारतीनंतर माणसं. यावर कुणी विचारच करत नाही. नाताळच्या गर्दीत कुणी पायरीवरून घसरून कंबर मोडून घेतली, कन्व्हेन्शनचा मांडव कोसळला, तर आगीची पॉलिसी एक रुपया देत नाही. त्यासाठी पब्लिक लायबिलिटी, बिगर-औद्योगिक प्रकारची, वेगळी घ्यावी लागते. तिच्यात दोन आकडे असतात: एका अपघाताला जास्तीत जास्त किती आणि वर्षभरात मिळून किती. जेवणावळ असते तेव्हा अन्नातून विषबाधेचं कलम जोडून घ्या, आपोआप नसतं. तात्पुरत्या मांडवात होणारा कार्यक्रम त्यात धरलाय का, हेही विचारा. दोन पॉलिसी घेण्याइतकेच पैसे असतील तर मी म्हणेन, एक आग-वादळ-पुराची पूर्ण रकमेची आणि दुसरी ही.

पगारावरचा वॉचमन किंवा मनोऱ्याला रंग देणारा मजूर यांना लायबिलिटी पॉलिसी लागू होत नाही. त्यांच्यासाठी कामगार भरपाईचा विमा. रंगकाम ठेकेदाराला दिलं असेल तर त्याच्या विम्याची झेरॉक्स घेतल्याशिवाय मजुराला शिडीवर चढू देऊ नका. आणि जे तरुण मंडळीची सेवा म्हणून फुकट कौलं चाळायला चढतात, त्यांनी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत नाव घालावं. 18 ते 70 वय, वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख, हप्ता बँक खात्यातून कापला जातो. यानं मंडळीची जबाबदारी सुटत नाही, पण त्याच्या घराला काहीतरी मिळतं.

दानाच्या पैशाचं थोडक्यात. घरफोडीची पॉलिसी कुलूप तोडून, खिडकी उचकटून चोरी झाली तरच लागू होते. दार उघडं राहिलं आणि पेटी गेली, तर काही नाही. रोकड तर तिजोरीत असेल आणि तशी नोंद असेल तरच. रविवारी दोघांनी मिळून मोजून सोमवारी बँकेत भरत असाल तर वेगळ्या मनी इन्शुरन्सची मला गरज वाटत नाही. खजिनदारानंच अपहार केला तर त्यासाठी फिडेलिटी गॅरंटी नावाचा विमा असतो, पण तो विषय कमिटीत काढायचा कसा हे तुमचं तुम्ही बघा.

माझा ठोकताळा सांगतो: जे नुकसान एका-दोन महिन्यांच्या दानातून भरून निघेल, त्याचा विमा काढू नका. पंखे, माइक, खुर्च्या, काचा हे सोडून द्या. कीबोर्ड आणि मिक्सर लाखाच्या वर असतील तर इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा विमा बघा, नाहीतर तोही नको. वाचलेला पैसा इमारतीची रक्कम वाढवायला लावा. पाळकसाहेबांचं घर ट्रस्टच्या इमारतीत धरा, मात्र त्यांचं फ्रिज-कपाट त्यांचं स्वतःचं आहे. हवं तर त्यांनी आपल्या नावानं ‘भारत गृह रक्षा’तून फक्त सामानाचा विमा घ्यावा.

वडीलधारे म्हणतील, ‘देव शे ना, मंग विमा कसाले?’ त्यांच्याशी वाद घालू नका, शाळेच्या बसचा विमा भरतोच ना, एवढंच विचारा.

क्लेमबद्दल एक गैरसमज आपल्याकडं केळीच्या विम्यामुळं पसरलाय. फळपीक विमा हवामान केंद्राच्या आकड्यावर चालतो, तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडं गेलं की पैसे. चर्चच्या विम्यात प्रत्यक्ष नुकसान दाखवावं लागतं. पत्रे उडाले की त्याच दिवशी कंपनीला कळवा, भरपूर फोटो काढा, तलाठ्याचा पंचनामा मागा, चोरी असेल तर एफआयआर. सर्व्हेअर येईपर्यंत तुटलेला माल भंगारवाल्याला द्यायचा नाही. पण उघड्या छतावर ताडपत्री जरूर टाका. नुकसान वाढू न देणं हे आपलंच काम आहे आणि तो खर्चही बिलासह मागता येतो. आजच मोबाइलवर चर्चच्या आतून-बाहेरून व्हिडिओ काढून दोघा-तिघांकडं ठेवा. बिलं चर्चच्याच कपाटात ठेवली तर पुरात तीही जातात. कंपनीनं टाळाटाळ केली तर आधी तिच्या तक्रार कक्षाकडं, मग विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर, शेवटी ग्राहक आयोग.

आता करायचं ते असं. इंजिनिअरचा दाखला, जागेचा उतारा, परिशिष्ट-1, आणि आवारात काय काय चालतं याची एका पानाची यादी तयार करा. तेच पान दोन-तीन कंपन्यांना द्या आणि लेखी कोटेशन मागा, म्हणजे तुलना सारख्याची सारख्याशी होईल. हप्ता ट्रस्टच्या खात्यातूनच भरा. पैसे पोचल्याशिवाय कंपनीची जोखीम सुरू होत नाही, ‘चेक उद्या देतो’ चालत नाही. पॉलिसी एप्रिलच्या आत सुरू होईल असं बघा, कारण पहिली वावटळ मेमध्येच येते आणि जूनमध्ये कमिटी बदलण्याच्या धांदलीत नूतनीकरण हमखास राहून जातं. उतारा कुणाच्या नावावर निघतो ते इथंच खाली लिहा, त्यावरून पॉलिसीवर नाव कसं घालायचं ते सांगतो.