आधी वही घे, मग कर्जाचं बघू

अंगावरचं कर्ज फेडायला सुरुवात कुठून करायची, हे कर्नाटकातल्या खानापुरातून विचारलंस ते बरं केलंस. कर्ज आहे म्हणजे विश्वास कमी पडला, असं कुणी सुनावलं तर ऐकून सोडून दे. बायबलात लूक 14:28 मध्ये बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. तूही तिथूनच सुरुवात कर.

एका वहीत सगळं मांड: सोसायटी, बचत संघ, गहाण सोनं, भिशी, हातउसने. प्रत्येकापुढे व्याज वर्षाचं लिही. सावकाराचे 'फक्त 3 टक्के' महिन्याचे असतात, वर्षाला 36 होतात. 20,000 रुपयांवर दरमहा 600 नुसतं व्याज जातं, मुद्दल तसंच राहतं. म्हणून बाकीचे हप्ते वेळेवर भर आणि वर उरेल तो रुपया आधी तिकडे घाल. माणूस ओळखीचा असला तरी पावती घ्यायचीच.

नवी माणसं बहुतेक इथं अडकतात:
- एका संघाचं उचलून दुसऱ्याचा हप्ता भरणं. सगळ्यात वाईट हेच.
- घरच्यांपासून लपवणं.
- नाताळचे कपडे, बारसं उधारीवर.

दशांशाबद्दल (मिळकतीचा दहावा भाग चर्चला देणं) माझं मत सरळ आहे: मिळकतीतून जमेल ते दे, पण दानासाठी नवं कर्ज काढू नकोस. पाळकांशी मोकळेपणाने बोल.

वसुलीवाले दारात दमदाटी करत असतील तर पोलिसांत जा. कर्नाटकात 2025 पासून त्याविरुद्ध कायदा आहे.

तडजोड, कर्ज एकत्र करणं वगैरे नंतर सांगतो. या आठवड्यात फक्त वही.